हाडांवरचे प्रश्न

राजाची दाढ दुखत होती. गोष्ट सुमारे बत्तीसशे वर्षांपूर्वीची, उत्तर चीनमधली. राजाचे नाव वू दिंग. शांग घराण्यातला हा मोठा पराक्रमी राजा, पण दाढदुखीपुढे राजा काय आणि रयत काय! प्रश्न असा पडला की हे दुखणे पाठवले कोणी? राजाचा बाप यी आणि त्याचे तीन थोरले चुलते ज्या, गंग आणि शिन हे चौघेही एकामागून एक गादीवर बसून गेलेले होते. शांग भाषेत चुलत्यांनाही ‘पिता’च म्हणत. तेव्हा या चार पित्यांपैकी कोणाचा तरी कोप झालेला असणार. पण कोणाचा?

कासवाच्या पोटाखालची कवचे आणवली गेली. ती आधीच घासून, घोटून ठेवलेली असत. मागच्या बाजूने त्यांत ओळीने लहान लहान खळगे कोरलेले असत. त्या खळग्याला जळता चटका दिला की पुढच्या बाजूला तडा जाई. एक उभी रेघ आणि तिला फुटलेली एक आडवी फांदी. तडा जाताना बारीकसा आवाज होई. चिनी लिपीत ‘भविष्य पाहणे’ या अर्थाचे जे अक्षर आजही आहे, ते म्हणजे या तड्याचेच चित्र आहे, आणि त्याचा उच्चार, ‘बू’, हा त्या आवाजाची नक्कल असावा असे मानतात. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जाई. हा पिता ज्या आहे. हा पिता ज्या नाही. हा पिता गंग आहे. हा पिता गंग नाही. प्रत्येक वेळी चटका, प्रत्येक वेळी तडा. मग पिता गंगला एक कुत्रा अर्पण करावा आणि एक मेंढी कापावी का, हेही विचारले गेले. आणि हे सगळे विचारून झाल्यावर ते त्याच कवचावर कोरून ठेवण्यात आले. म्हणून तर आज आपल्याला त्या राजाच्या दाढेची खबर आहे.

कोकणात आणि गोव्यात राहिलेल्यांना यात काही फारसे परके वाटणार नाही. देवाच्या अंगाला पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवे पडते की डावे, ते पाहायचे. त्याला आपण कौल म्हणतो. हा ‘कौल’ शब्द मुळात अरबी आहे. ‘क़ौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. देवळाच्या गाभाऱ्यात हा शब्द कधी जाऊन बसला ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. शब्दांचे असेच असते. या लेखात मी शांगांच्या प्रश्नविधीला कौलच म्हणणार आहे, कारण त्याहून नेमका शब्द मला मराठीत सापडत नाही.

हे कौल उजेडात आले त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. चीनमधले वैद्य ‘ड्रॅगनची हाडे’ कुटून औषधात घालत. १८९९ साली बीजिंगच्या शाही विद्यापीठाचे प्रमुख वांग यिरोंग यांच्या हाती अशी काही हाडे आली आणि त्यांवर ओरखडे दिसले. ते औषधाच्या पुडीतच आले होते असे सांगतात; खरे असेल, नसेल. पण जुन्या ब्राँझच्या भांड्यांवरचे लेख वाचण्यात वांग यांची हयात गेली होती. हे ओरखडे नसून अक्षरे आहेत, हे त्यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी, १९०० साली, बॉक्सर उठावाच्या धामधुमीत परकी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा वांग यांनी विहिरीत उडी टाकून जीव दिला. त्यांचा संग्रह ल्यू अ या कादंबरीकाराकडे गेला आणि त्याने १९०३ साली हाडांवरच्या लेखांचे ठसे छापले. ती हाडे हनान प्रांतात अन्यांग शहराजवळच्या श्याओतुन गावच्या शेतांतून येतात, हा पत्ता लुओ चनयू यांनी १९०८ साली लावला. व्यापाऱ्यांनी तोवर ठिकाण लपवून ठेवले होते. सुमा च्यान या इतिहासकाराने इसवी सनापूर्वी सुमारे १०० वर्षे शांग राजांची एक यादी दिली होती. ती दंतकथा म्हणून अनेकांनी बाजूला टाकली होती. १९१७ साली वांग क्वोवेई यांनी हाडांवरची नावे त्या यादीशी ताडून पाहिली आणि एखाद-दुसरा फरक सोडला तर यादी बरोबर निघाली. १९२८ पासून रीतसर उत्खनन सुरू झाले. १९३६ साली एकाच खड्ड्यात १७ हजारांहून अधिक तुकडे मिळाले. आज एकूण दीड लाखांच्या आसपास तुकडे उपलब्ध आहेत. त्यांवर साडेचार हजारांच्या जवळपास वेगवेगळी अक्षरे आहेत आणि त्यांतली जेमतेम तिसरा हिस्सा नक्की वाचता येतात. राहिलेल्यांपैकी पुष्कळशी माणसांची आणि गावांची नावे आहेत.

आता या लोकांचे देव कोण? सगळ्यात वर ‘दी’. पाऊस, वारा, वीज, दुष्काळ, पिकावरचे संकट, शत्रूची स्वारी हे सगळे दीच्या हुकमाने होई. पण गंमत अशी की या दीला थेट नैवेद्य दाखवल्याचे जवळजवळ कोठे आढळत नाही. तो फार वर. त्याच्याशी बोलायचे तर मधली माणसे हवीत, आणि ती मधली माणसे म्हणजे राजाचे मेलेले पूर्वज. जितका पूर्वज जुना, तितकी त्याची पोहोच मोठी. पाऊस-पिकाचे मागणे जुन्या पूर्वजांकडे, नदीकडे, डोंगराकडे. दाढदुखी, ताप, वाईट स्वप्न असल्या घरगुती पीडा मात्र नुकतेच वारलेले बापलोक, आया आणि आज्या देत. आपल्या सरकारी कचेऱ्यांत फिरलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला नको. मोठ्या साहेबाकडे अर्ज थेट जात नाही, आणि त्रास द्यायचा तो खालचाच माणूस देतो.

पूर्वज म्हटले की आपल्याला पितृपक्ष आठवतो. आम्ही मुसलमान शब-ए-बरातला कबरस्तानात जाऊन दिवा, उदबत्ती लावतो, फातिहा पढतो. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आम्ही मेलेल्यांसाठी मागतो. शांग राजे मेलेल्यांकडे मागत, आणि त्यांना भीतही. मेलेला बाप त्यांच्या लेखी विसावलेला नव्हता. तो भुकेला होता, मानापमान पाळणारा होता, आणि त्याला वेळच्या वेळी पोचवावे लागे.

ही वेळही ठरलेली. शांगांचा आठवडा दहा दिवसांचा. ज्या, यी, बिंग, दिंग अशी त्या दहा दिवसांची नावे. मेलेल्या राजाला यांपैकीच एका दिवसाचे नाव मिळे आणि त्या दिवशी त्याचा मान असे. यीचा यी दिवशी, दिंगचा दिंग दिवशी. बळी गुरांचा, मेंढ्यांचा, डुकरांचा, कुत्र्यांचा. सोबत धान्याची दारू. ही दारू ज्या ब्राँझच्या भांड्यांतून दिली जाई, ती भांडी जगातल्या कोणत्याही संग्रहालयात मान वर करून उभी आहेत. वू दिंगच्याच एका राणीच्या नावाने ओतलेले, बळीचे मांस शिजवण्याच्या घाटाचे एक चौकोनी भांडे १९३९ साली अन्यांगला सापडले. त्याचे वजन सुमारे ८३३ किलो आहे. पोटभर अन्न ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल, आणि त्यातले किती तरी मेलेल्यांना वाढले जात होते.

वू दिंगची दुसरी राणी फू हाओ. माझ्या मते हाडांतून उठून समोर येणारे सगळ्यांत जिवंत माणूस हीच. ती सैन्य घेऊन लढायला जाई. एका लेखात तिच्या हाताखाली १३ हजार माणसे असल्याचा उल्लेख आहे. ती स्वतः पूजाविधी करी, कौलासाठीची कवचे तयार करवून घेई. ती गरोदर राहिली तेव्हा राजाने कौल लावला: बाळंतपण ‘चांगले’ होईल का? तडे पाहून राजाने स्वतःच अर्थ सांगितला. दिंग दिवशी झाले तर चांगले, गंग दिवशी झाले तर फारच उत्तम. मग ३१ दिवसांनी ज्या-यिन नावाच्या दिवशी राणी प्रसूत झाली. दिंगही नव्हे, गंगही नव्हे. त्यापुढे कोरणाऱ्याने नोंद केली आहे की चांगले झाले नाही, मुलगी झाली.

बस, एवढेच. मी या नोंदीशी पुष्कळदा थबकलो आहे. तेरा हजारांचे सैन्य चालवणाऱ्या बाईच्या पोटी मुलगी आली, तर ते ‘चांगले नाही’. आणि हे लिहिणाऱ्याच्या मनात काही खळबळ असल्याची खूणही नाही. पाऊस पडला नाही, अशी नोंद करावी तशी ही नोंद. त्या मुलीचे पुढे काय झाले कोणी लिहिलेले नाही. तरी एका गोष्टीसाठी त्या अनाम लेखनिकाला दाद द्यायला हवी. राजाचे भाकीत कोरल्यावर प्रत्यक्षात काय घडले तेही त्याने खाली कोरले. राजाने सांगितलेल्या शुभ दिवशी बाळ आले नाही, हेही कोरले. बहुतेक कवचांवर राजाचे खरे ठरलेलेच तेवढे लिहिलेले सापडते; हे त्याला अपवाद.

फू हाओ राजाआधी गेली. तिच्यावर राजाने पुन्हा कौल लावले. काही अभ्यासक ते लेख असे वाचतात की परलोकात कोणत्या थोर पूर्वजाने तिला पत्नी म्हणून नेले, हे राजा विचारत होता. तिची कबर १९७६ साली झंग झनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंना सापडली. शांग राजघराण्यातली चोरांच्या हाताला न लागलेली अशी ही जवळजवळ एकटीच. आत ४६८ ब्राँझच्या वस्तू, ७५५ जेडच्या आणि जवळजवळ सात हजार कवड्या. तिच्या नावाच्या युद्धकुऱ्हाडीही. आणि तिच्या सोबतीला मारलेली १६ माणसे, सहा कुत्री.

इथे मला थोडे थांबायचे आहे. प्राचीन चिनी संस्कृतीविषयी आपल्याकडे बोलताना रेशीम, कागद, कन्फ्यूशियस असे सगळे गोड गोड येते. पण अन्यांगला हुआन नदीच्या पलीकडे राजांच्या कबरी आहेत आणि त्यांच्या भोवती बळींचे खड्डे आहेत, दोन हजारांहून अधिक. कित्येकांत नुसती धडे, कित्येकांत नुसती शिरे. हू होउश्वान या अभ्यासकाने हाडांवरच्या लेखांतून बळी दिलेल्या माणसांचे आकडे काढून बेरीज केली, ती १३ हजारांच्या वर गेली. ज्या लेखांत आकडा दिलेलाच नाही, ते वेगळे. बळींमध्ये पश्चिमेकडच्या च्यांग लोकांचा उल्लेख फार येतो. त्यांना लढाईत किंवा अक्षरशः शिकार करून पकडून आणत. पूर्वजाला दहा गुरे द्यावीत की दहा च्यांग, असा कौल गुरे आणि माणसे एकाच ओळीत मांडून लावला जाई. एका ठिकाणी ३०० च्यांग.

२०१७ साली या बळींच्या हाडांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यातून असे दिसले की हे लोक बाहेरून आणलेले होते, पण आणल्या आणल्या मारलेले नव्हते. मरण्यापूर्वी निदान काही वर्षे ते राजधानीतच राहत होते आणि तिथलेच भरडधान्य खात होते. मांस त्यांच्या वाट्याला फारसे येत नव्हते. म्हणजे ते याच गावात राबत असणार, इथली बोली त्यांच्या कानावर पडत असणार. आणि एखाद्या यी दिवशी किंवा दिंग दिवशी कौल उजवा पडला की त्यांची पाळी. दाढदुखीचा कौल आणि हा कौल, लावणारा हात एकच आणि रीतही एकच. ‘त्या काळी तसेच होते’ हे उत्तर मला पुरे पडत नाही. त्या काळीही च्यांग आईला आपले मूल हवेच असेल.

वू दिंगनंतर या धर्माचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वू दिंग सगळे विचारायचा. स्वप्न पडले, विचार. शिकारीला जायचे, विचार. नवे गाव वसवायचे, शेजाऱ्याशी युद्ध करायचे, पाऊस येईल का, विचार. त्याच्या नंतरच्या पिढ्यांत प्रश्न कमी होत गेले. शेवटच्या राजांच्या काळी मुख्य प्रश्न एकच उरला: येत्या दहा दिवसांत काही अरिष्ट नाही ना? दर आठवड्याच्या शेवटी तोच प्रश्न, आणि उत्तर बहुधा शुभ. पूर्वजांचे पाच प्रकारचे विधी लागोपाठ करत जायचे असे एक चक्र बसवले गेले. ते पूर्ण व्हायला त्यांचे ३६ किंवा ३७ आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्ष लागे. कोणत्या दिवशी कोणाला काय, हे आधीच पक्के. पिता रागावला आहे का, हे विचारण्याची गरजच उरली नाही. अक्षरेही बारीक आणि टापटीप झाली. दफ्तर फार नीट ठेवलेले होते. इ.स.पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडून जौ आले आणि शांगांचे राज्य गेले.

जौ लोकांनी पूर्वजांची पूजा सोडली नाही, पण वरचा देव बदलला. ‘तियान’, म्हणजे आकाश. हे आकाश कोणाचे नातेवाईक नाही. ज्याचे वागणे चांगले त्याला ते राज्य देते आणि बिघडले की काढून घेते, असे त्यांनी जाहीर केले. जिंकलेल्यांना सोयीचे असे हे तत्त्वज्ञान होते हे उघड आहे. तरी त्यातून राजाला जाब विचारण्याची एक फट चिनी मनात कायमची पडली. जुन्या ग्रंथांत एक कथा आहे. जौ राजा वू आजारी पडला तेव्हा त्याच्या भावाने, जौच्या सरदाराने, पूर्वजांपुढे उभे राहून राजाऐवजी मला न्या अशी विनवणी केली. वर असेही बजावले की ऐकलेत तर ही जेडची चकती तुमची, नाही ऐकलेत तर ती मी परत नेईन. देवाशी घासाघीस करण्याची ही हिंमत मला आवडते. आपल्या संतांनाही ती परकी नव्हती.

माणसे पुरण्याची चाल मात्र सहजी गेली नाही. इ.स.पू. ६२१ मध्ये छिन राज्याचा राजा मू वारला, तेव्हा त्याच्यासोबत १७७ माणसे गेली. त्यांत लोकांना प्रिय असलेले त्झ-चू घराण्यातले तिघे भले पुरुष होते. त्यांच्यासाठी एक शोकगीत रचले गेले, आणि ते ‘शिजिंग’ या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात आहे. ३०५ कवितांचा हा संग्रह. पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेने तो पवित्र मानला, म्हणजे राजाच्या कबरीविरुद्धची तक्रारही पवित्र ग्रंथात जाऊन बसली. कवितेने काही होत नाही असे म्हणणारे मला रोज भेटतात. छिन राज्यात ही चाल इ.स.पू. ३८४ मध्ये हुकूम काढून बंद करण्यात आली. कवितेमुळे, असा दावा मी करणार नाही. आणि हुकूम निघाला तरी पुरते काही थांबले नाही. त्याच छिन घराण्यातल्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ मातीचे हजारो शिपाई १९७४ साली निघाले, ते आपण चित्रांत पाहिलेच आहेत. माणसांऐवजी मातीची माणसे, ही प्रगतीच. पण सुमा च्यान सांगतो की इ.स.पू. २१० मध्ये तो सम्राट वारल्यावर मूल न झालेल्या राण्या आणि कबरीचे गुपित जाणणारे कारागीर यांनाही आत ठेवले गेले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अन्यांगपासून उत्तरेला फार दूर नसलेल्या ये नावाच्या गावाची. इसवी सनापूर्वी पाचवे शतक. गावाजवळून झांग नदी वाहते. नदीच्या देवाला दरवर्षी बायको द्यावी लागते, नाहीतर पूर येतो, असे गावचे पंच, सरकारी माणसे आणि एक म्हातारी देवऋषीण सांगत. त्यासाठी लोकांकडून लाखांनी पैसे गोळा होत. थोडे लग्नाला खर्ची पडत, बाकीचे आपसांत वाटून घेत. देवऋषीण घरोघर फिरे आणि गरिबाघरची एखादी देखणी पोर हेरून ठेवी. तिला न्हाऊ घालून, रेशमी कपडे नेसवून, नवरीच्या शय्येसारख्या पलंगावर बसवून नदीत सोडत. पलंग काही अंतर तरंगे आणि मग बुडे. ज्यांना मुली होत्या ती घरे गाव सोडून चालली होती.

तिथे शिमेन बाओ हा नवा अधिकारी आला. लग्नाच्या दिवशी तोही काठावर गेला. नवरी बघू म्हणाला. पाहून म्हणाला, ही काही तितकीशी सुंदर नाही. म्हातारीने जरा आत जाऊन देवाला सांगून यावे की चांगली मुलगी दोन दिवसांनी पाठवतो. शिपायांनी म्हातारीला उचलून नदीत टाकले. बराच वेळ झाला, ती येईना. तेव्हा तिला घेऊन यायला तिची एक शिष्या, मग दुसरी, मग तिसरी. बायकांना निरोप नीट सांगता येत नसावा, असे म्हणून मग पंच. शिमेन बाओ नदीकडे तोंड करून, अदबीने वाकून, वाट पाहत उभा होता. शेवटी तो वळला आणि आता कोणाला पाठवू या, म्हणून सरकारी माणसांकडे पाहू लागला. ते सगळे जमिनीवर डोकी आपटू लागले, रक्त येईपर्यंत. देव पाहुण्यांना फार वेळ ठेवून घेतो असे दिसते, चला घरी, असे तो म्हणाला. नदीच्या लग्नाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

नंतर त्याने लोकांना राबवून १२ कालवे खणले आणि नदीचे पाणी शेतात आणले. लोक कुरकुरले. काही शतके गेली. हान घराण्याच्या राजवटीत हे १२ कालवे राजमार्गाला आडवे येत, म्हणून अधिकाऱ्यांनी तीन-तीन कालवे एकत्र करून त्यांवर एकेक पूल बांधायचे ठरवले. ये गावातल्या वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. हे शिमेन साहेबांनी घालून दिलेले आहे, त्यात बदल करता येणार नाही, असे ते म्हणाले. आणि अधिकाऱ्यांनी बेत सोडून दिला.